लॅबभाऊंचा किल्ला

लॅबभाऊंना कोणतीही गोष्ट नुसती आवडत नसे. चहा चांगला झाला तर ते आधी त्यात काय कमी पडलं ते सांगत आणि मग दुसरा कप मागवत. नवी चप्पल, शेजारच्या लग्नातली बुंदी, कॉलेजातल्या एखाद्या सरांचं भाषण, सगळ्याचे गुण वेगळे आणि दोष वेगळे. "नुसतं मस्त मस्त म्हणणारा माणूस बघतच न्हाई," ते म्हणत. "बघणाऱ्याला दोष दिसतोच."

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत ते बियाण्याची उगवण तपासायचे. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची आणि काही दिवसांनी उलगडून किती उगवले ते मोजायचं. दहा वर्षं हेच काम. म्हणून ते लॅबभाऊ. खरं नाव आम्हाला ठाऊक होतं, पण ते कधी तोंडी बसलं नाही. तिशी ओलांडलेला, राजूरजवळच्या खेड्यातला माणूस. जालन्यात दोन खोल्या घेऊन बायकोबरोबर राहायचा. मूलबाळ नव्हतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी बदनापूरहून रोज रेल्वेनं जालन्याच्या कॉलेजात यायचो आणि कॉलेज सुटल्यावर एका कॉम्प्युटर क्लासला जायचो. क्लासचे सर रविवारी सकाळी आम्हाला खोली उघडून द्यायचे. अटी दोनच. चपला बाहेर काढायच्या आणि आरडाओरडा करायचा नाही. लॅबभाऊ कंपनीच्या सांगण्यावरून टायपिंग शिकायला आले आणि आमच्या गेममध्ये अडकले. तिसरा शकील. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा, माझ्याच वयाचा.

गेमची सीडी कोणीतरी औरंगाबादहून आणली होती. तिच्यावर मार्करनं 'किल्ला' एवढंच लिहिलेलं. एक जुनं राज्य, राजा परागंदा झालेला, डोंगरावर किल्ला आणि किल्ल्यात एक दुष्ट जादूगार. आपण योद्धा, जादूगार किंवा चोर व्हायचं, गावोगाव फिरायचं, लोकांची कामं करायची, अंगात बळ आणायचं आणि शेवटी किल्ल्यात शिरायचं. गावकऱ्यांचं इंग्रजी बोलणं मी वाचून मराठीत सांगायचो. शकीलचे हात चालायचे. काय उत्तर द्यायचं हे मात्र लॅबभाऊ ठरवायचे.

तासा-दीड तासात भारनियमनाची वेळ व्हायची आणि सगळं बंद पडायचं. मग आम्ही क्लासच्या पायऱ्यांवर बसून त्या गेमवर भांडायचो. खरं सांगायचं तर खेळलो त्यापेक्षा भांडलोच जास्त.

शकीलच्या मते गेम म्हणजे लढाई. "तलवार का वजन देखो भाऊ. मारा तो अपने हाथ को लगता. बाकी सब बकवास. इस बुड्ढे से बात करो, उस बुढिया का पानी भरो!"

"तलवार काय, सगळ्याच गेमात असती," लॅबभाऊ म्हणायचे. "त्यो नावाडी बघ. पहिल्या दिवशी आपण त्याला वाकडं बोलल्तो. चार महिन्यांनी परत गेलो तर त्यानं नाव काठाला लावली न्हाई. याद ठेवली त्यानं! हा गुण. असा गुण दुसऱ्या गेमात दाखव मला."

"और घोडा? पत्थर में अटकता तो निकलताइच नहीं."

"घोडा दोषात. मी कुठं न्हाई म्हणून राह्यलो?"

माझी तक्रार लांडग्यांची होती. प्रत्येक जंगलात तेच तीन लांडगे, त्याच झाडामागून. लॅबभाऊ सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "ते ऱ्हाऊ द्या. शंभरातले किती उगवले?" शकील नव्वद म्हणायचा, मी ऐंशी. ते स्वतः साठाच्या वर कधी गेले नाहीत. पण रविवारी कुलूप उघडायच्या आधी दारात उभा असायचा तो हाच साठवाला माणूस.

त्यांच्याजवळ एक शाळकरी वही होती. डाव्या पानावर गुण, उजव्या पानावर दोष, बारीक सरळ अक्षरात. दुसरं वर्ष लागलं तशी उजवीकडची पानं भराभर भरायला लागली आणि तिथले दोष एकाच जातीचे होत गेले. गुहेत अंधार फार. बाजूनं येणारा शत्रू वेळेवर दाखवत नाही. नकाशातली कोपऱ्यातली खूण पुसट. नावाड्याची नाव कुठून येते ते कळत नाही.

शकीलनं स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून दिला. तरी लॅबभाऊ म्हणाले, "अंधारच हाय."

"भाऊ, दिखता है. बराबर दिखता है."

"मला दिसून न्हाई राह्यलं, मंग तुला कसं दिसतंय?"

त्या दिवशी खरंच भांडण झालं. मी शकीलच्या बाजूनं बोललो. म्हणालो, "भाऊ, हा गेमचा दोष नाही. तुमचं लक्ष नसतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वही बंद केली आणि चपला घालून ते निघून गेले. पुढच्या रविवारी आले, पण तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

थंडीच्या दिवसांत संध्याकाळी ते कधी कधी माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत यायचे. चालताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. मला बरं वाटायचं. थोरल्या भावाची माया आहे, असं मी समजत होतो. एकदा मी बुटाची नाडी बांधायला खाली बसलो आणि ते तसेच दोन पावलं पुढे गेले. सरळ पेरूच्या हातगाडीवर आदळले. पेरू रस्ताभर झाले. गाडीवाला ओरडला, "अंधे हो क्या?" लॅबभाऊ गुडघ्यांवर बसून पेरू चाचपडायला लागले. त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर तीन पेरू पडले होते आणि हात भलतीकडेच फिरत होता. मी जागेवर उभा राहून ते बघत होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"लहानपणापासून दिवेलागणीला कमीच दिसायचं. कडेचं आता आता गेलं. नळीतून बघितल्यावानी दिसतंय. घरी सांगू नको."

घरी सांगायची वेळच आली नाही. त्याच सुमारास एक शेतकरी त्यांच्या लॅबमध्ये आला. कंपनीसाठी कपाशीचं बियाणं पिकवणारा, वाटूरकडचा. त्याचा अख्खा लॉट लॅबभाऊंच्या तपासणीत नापास झाला होता. तो भांडला नाही. त्यानं पिशवीतून ओलं गोणपाट काढून टेबलावर उलगडलं. घरी टाकलेले शंभर दाणे. "साहेब, माझ्याकडं तर उगवून राह्यलेत. तुम्ही एकदा बघा," एवढंच तो म्हणाला.

लॅबभाऊंनी ते गोणपाट मान फिरवून फिरवून, इंच इंच बघितलं. मग आपल्या कपाटातल्या गुंडाळ्या काढून तशाच बघितल्या. कागदाच्या दोन्ही कडांना कोंब होते. उगवलेले मोजून उरलेले मेले धरायचे, अशी रीत. कडेचे सगळे त्यांनी मेल्यात धरले होते. त्यांनी त्याच दिवशी साहेबाला लिहून दिलं: माझ्या नजरेत दोष आहे, गेल्या काही महिन्यांतले माझे लॉट पुन्हा तपासावेत. फेरतपासणीत काही लॉट पास निघाले. वाटूरवाल्याचाही. पण त्याची पोती तोवर सरकी म्हणून तेलाच्या घाण्याला गेली होती.

"मी त्याला काय सांगू?" लॅबभाऊ पायऱ्यांवर बसून विचारत होते. "जित्ता दाणा मी मेला म्हणून लिहिला." 

औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यामागचा पडदा कडेकडेनं वाळत चाललाय. जन्मजात आहे. औषध नाही, ऑपरेशन नाही, चष्म्याचा उपयोग नाही. "गाजर खाऊ का, इचारलं मी," लॅबभाऊंनी सांगितलं. "ते म्हणले खा, गाजर चांगलंच असतंय." ते हसले म्हणून आम्हीही हसलो. शकील त्यांना एका हकिमाकडे घेऊन गेला. मी क्लासच्या इंटरनेटवर शोधलं. एकेक पान उघडायला पाच मिनिटं लागायची आणि प्रत्येक पानावर शेवटी तेच.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"संशोधन चालू आहे."

"मंजे न्हाई."

कंपनीनं त्यांना पोत्यांवर शिक्के मारायला बसवलं. एका रविवारी वहिनी क्लासवर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "ह्या कॉम्प्युटरपायीच झालं ना हे?" आम्ही नाही म्हणालो, शपथा घेतल्या. त्यांना पटलं नाही. तरी जाताना म्हणाल्या, "येऊ द्या त्यांना. घरी नुसते भिंतीकडं तोंड करून बसत्यात."

त्यानंतर आम्हाला घाई सुटली. लॅबभाऊंना मधलं जेवढं दिसतंय तेवढ्यात किल्ला दाखवायचा. आम्ही बाकी सगळी कामं सोडून डोंगर चढलो, पूल ओलांडला, थेट दरवाज्याशी पोचलो. दरवाजा उघडायला लागला की गेम थिजायचा. प्रत्येक वेळी, त्याच जागी. सीडीवर तिथेच ओरखडा होता. आम्ही ती मऊ कपड्यानं पुसली, टूथपेस्ट लावून घासली, शकीलनं ड्राइव्ह उघडून आतली काच स्पिरिटनं साफ केली. काही होईना. औरंगाबादच्या दुकानात दुसरी प्रत नव्हती. पुण्याच्या मावसभावाला पत्र लिहिलं. शेवटी दुसरी सीडी हातात पडायला वर्ष गेलं.

तोवर लॅबभाऊंच्या डोळ्यात रुपयाएवढं भोक उरलं होतं आणि त्यावरही साय धरली होती. स्क्रीन चालू आहे की बंद, एवढंच कळायचं. तरी ते आले. मी कीबोर्डवर बसलो आणि सांगायला लागलो. "दरवाजा उघडला. आत अंगण आहे. समोर जादूगार आहे."

"कसाय?"

"म्हातारा आहे."

"असं न्हाई रे सांगत," ते कळवळून म्हणाले.

तेव्हा शकीलनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "सुनो भाऊ. दरवाजा लकडी का, नीचे से सडेला. अंगण में घास, घुटने तक. एक कुआँ है, उसपे रस्सी नहीं. बुड्ढा दीवार को टेक के बैठा, डरावना नहीं लगता, थका हुआ लगता." गावकऱ्यांशी बोलायचं म्हटलं की जो कंटाळायचा, त्यानंच इतकं सगळं बघून ठेवलं होतं. लॅबभाऊ डोळे मिटून ऐकत होते. मध्येच विचारत, "डाव्या अंगाला काय?" आणि शकील सांगत होता.

जादूगार हरला. पडदा काळा झाला, मग डोंगरामागच्या सूर्याचं एक चित्र आलं आणि खालून वर इंग्रजी नावं सरकायला लागली. गेम बनवणाऱ्यांची.

"मंग?" लॅबभाऊंनी विचारलं.

मला राहवलं नाही. म्हणालो, "राजा परत येतो. सगळ्या गावांत लोक..." शकीलनं माझा हात दाबला.

"नहीं भाऊ. झूठ बोल रा ये. एक फोटो है सूरज का. और नाम चल रे. बस."

"इतकंच?"

"इतनाइच."

त्यांनी स्क्रीनकडचं तोंड आमच्याकडे वळवलं. मग म्हणाले, "मंग मी काहून इतकी वाट बघितली?" आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्या खोलीत आमच्यातल्या कोणी उलट मुद्दा काढला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि दोघं गावाकडे गेले. शकील सौदीला गेला, मी पुण्याला नोकरीला लागलो. चार वर्षांनी आईबरोबर राजूरला गणपतीला गेलो, तेव्हा त्यांना निरोप धाडला होता. चतुर्थीची गर्दी असूनही ते दोघं आले. लॅबभाऊ जाड झाले होते. माझा चेहरा त्यांनी हातानं बघितला नाही की काही नाही, नुसता दंड घट्ट धरून ठेवला. शकीलची विचारपूस केली. माझ्या आईला म्हणाले, "पोरगं बराबर हाय तुमचं." 

स्टँडवर त्यांनी मला गाडीत बसवलं. म्हणजे आई आणि मी चढलो आणि ते खाली उभे राहिले. वहिनी नारळाच्या दुकानाकडे गेल्या होत्या. शेजारी भोकरदनची गाडी लागली होती. तिचं इंजिन सुरू झालं आणि लॅबभाऊ त्या आवाजाकडे वळले, दोन पावलं पुढे झाले आणि तिला हात करायला लागले.

आई म्हणाली, "अरे, हाक मार की त्यांना."

खिडकी उघडीच होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मग आपण कोणाला निरोप देत होतो, हेही त्यांना कळलं असतं. मी हाक मारली नाही. आमची गाडी निघाली, वळली. तोवर ते त्या दुसऱ्या गाडीला हात करत होते, तोंडभर हसत. तिच्या खिडकीत एक अनोळखी म्हातारा बसला होता. त्यानं जरा इकडेतिकडे पाहिलं आणि मग त्यानंही त्यांना हात केला.