बसल्याशिवाय हसायचं नाही

चपलेच्या वासावरून माणूस ओळखायला मी सिंदेवाहीच्या पुढच्या एका सरकारी भातशेतावर शिकलो. मुकादमांच्या चपलेला टायरचा वास यायचा, कारण ती टायरचीच होती. ट्रॅक्टरवाल्याच्या चपलेला डिझेलचा. आमच्या टोळीच्या बाई तेवढ्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत अनवाणी असत, आणि त्यासाठी मी आजही त्यांचे उपकार मानतो.

प्रकार असा होता की मला हसू आलं की माझ्या अंगातला जोर निघून जायचा. आधी जबडा लोंबायचा, मग मान, मग गुडघे, आणि मी जिथं असेन तिथं खाली. शुद्ध मात्र जायची नाही. सगळं ऐकू यायचं, दिसायचं, फक्त बोट हलवता यायचं नाही. बघणाऱ्याला वाटायचं मिरगी. आणि मिरगी म्हटलं की चप्पल नाकाला. मी चिखलात पडून ऐकत असायचो, आणि माझ्या डोक्यावर चर्चा चालायची.

"जुनी पायजे, जुनी. नव्या चपलेत दम नसते."

"मांगच्या खेपेस माह्यीच लागली होती त्याले. विचार त्याले उठल्यावर."

एका-दोन मिनिटांत माझा मी उठायचो. त्या वेळी ज्याची चप्पल नाकाशी असेल तो दिवसभर वैद्य म्हणून मिरवायचा.

मी मूळचा सांगलीकडचा. शाळा सातवीत सुटली. तासाला डोळा लागायचा, पण हात चालू राहायचा. गुरुजींनी एकदा वडिलांना बोलावून माझी भूगोलाची वही दाखवली. नद्यांच्या यादीत चौथ्या नंबरावर आमच्या म्हशीचं नाव होतं. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दप्तर उचललं आणि घराकडे चालायला लागले. पुढं काही वर्षं असाच घरी बसलो. मग चंद्रपूरला सरकारी जीप चालवणाऱ्या मामांनी मला इकडे आणून रोजंदारीवर चिकटवला. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. गावाकडून इतक्या लांब आलो होतो की पत्र जायला आठवडा लागायचा. मी दर पत्रात 'मजेत आहे' लिहायचो, आणि ते लिहिताना झोपलो नव्हतो ना हे पुन्हा वाचून बघायचो.

नोकरीतही झोपेत हात चालायचे ते शाळेतल्यासारखेच. एकदा निंदणाला बसलो आणि दुपारच्या डुलकीत अख्खी बांधी, म्हणजे भाताचं खाचर, निंदून काढली. काम व्यवस्थित झालं होतं. फक्त तण जाग्यावर होतं आणि धान उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ओळीनं ठेवलेलं होतं. मुकादमांनी ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली. संध्याकाळी त्यांनी वर कळवलं की शेताला लागून तलाव आहे, विहीर आहे, मिरगीचा माणूस ठेवणं जोखमीचं आहे. निरोप आला की रोवण्याच्या शेवटी साहेब येतील आणि स्वतः बघून ठरवतील.

मुकादमांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण माझी झोप उडाली, आणि माझ्यासारख्याची झोप उडणं म्हणजे काय ते समजून घ्या. परत गेलो असतो तर वडील या खेपेलाही काही बोलले नसते. तेच मला नको होतं.

मी राहायचो टोळीच्या बाईंच्या पडवीत. चौदा बायांची रोवण्याची टोळी त्यांच्या शब्दावर चालायची. त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नातवंडांची पुस्तकं रचून ठेवलेली असत आणि कुठलंही काम धरायच्या आधी माणसानं त्याचा कागद वाचून बघावा असा त्यांचा आग्रह होता. स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून तर आग्रह. जीभ मात्र अशी की त्या बोलायला लागल्या की हसून पडू नये म्हणून मी आडोशाला जाऊन उभा राहायचो. बाया म्हणायच्या, पोरगा लाजाळू आहे.

निरोपाचं ऐकल्यावर बाई म्हणाल्या, "मिरगी हाये हे कोनं सांगतलं? मुकादमानं? तो कवापासून डॉक्टर झाला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एसटीत घालून चंद्रपूरला नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी सगळं ऐकलं, टेबलावरचं जाड पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, हे त्यांनी फक्त वाचलं होतं, बघितलं नव्हतं. मग मला हसवायला त्यांनी एक विनोद सांगितला. त्यात एक प्राध्यापक होते आणि एक छत्री होती. मी स्टुलावर ताठ बसून राहिलो. त्यांनी तोच विनोद परत, जरा सावकाश सांगितला.

"डॉक्टरसाहेब," बाई म्हणाल्या, "तुमच्यानं नाई होनार ते. जरा बाजूले सरा." आणि त्यांनी मला विचारलं, "काऊन रे बाबू, त्या छत्रीचं लगन झालं का नाई शेवटी?"

मी स्टुलावरून घसरलो. डॉक्टरांनी झटकन रबराची हातोडी काढून माझ्या गुडघ्यावर मारली. पाय उडाला नाही. पुन्हा मारली. काही नाही. "बघा," ते आनंदानं म्हणाले, आणि त्या वेळी मला कळलं की माझ्या आजारानं कुणी आनंदीही होऊ शकतं.

मग त्यांनी समजावलं. आपण झोपेत स्वप्न बघतो. स्वप्नात पळतो, मारामारी करतो, पण अंथरुणातले हातपाय गप्प असतात. का, तर त्या वेळी मेंदूत एक द्रव्य सुटतं आणि ते अंगाला दाबून धरतं. जसा सायकलला ब्रेक. ते नसतं तर माणूस स्वप्नात उठून विहिरीत गेला असता. माझ्यात झोप आणि जाग यांची हद्द कच्ची आहे, म्हणून हसू आलं की तोच ब्रेक भर दिवसा लागतो. मी तेवढा जागा, अंग तेवढं झोपलेलं. ही मिरगी नाही. त्यांनी तसा कागद लिहून दिला आणि गोळ्या दिल्या.

परतीच्या एसटीत मी त्या कागदाची घडी घालत-उघडत होतो. आयुष्यभर मला सगळे ढिला म्हणत आले होते, आणि माझा त्रास तर ब्रेक जास्त लागण्याचा निघाला. सिंदेवाही येईपर्यंत बाईंनी त्या द्रव्याची व्यवस्था लावली होती. त्यांचे सासरे तलावाचे पाणकर होते. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं हे पाणकरानं ठरवायचं.

"तुह्या डोक्यात एक पाणकर हाये," त्या म्हणाल्या. "मानूस इमानदार हाये तो, कामचुकार नाई. फक्त कोनी हासलं का त्याले वाटते रात झाली, न तो उघडते तुडूम. त्याच्यावर रागावू नको. आपनच सांभाळून घ्याचं."

सांभाळून घ्यायचं म्हणजे नियम झाला. माझ्या देखत काही हसण्यासारखं सांगायचं असेल तर आधी "बस खाली" म्हणायचं. मी बसलो की मगच पुढं. चौदा बाया तो नियम पाळायच्या. कुणाची नणंद, कुणाचा जावई, विषय निघाला की ओळीतून हाक यायची, "बाबू, बस," आणि मी पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, पेंडी हातात धरून चिखलात बसायचो. गोळ्यांनी पडणं कमी झालं, पण थांबलं नाही. दिवसातून इतक्या वेळा बसलो की माझ्या पँटचा मूळ रंग मुकादमही विसरले.

साहेब यायच्या दिवशी बाईंनी हुकूम काढला. साहेब जाईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही. हे मुकादमांना सांगायचं राहून गेलं.

साहेब जीपमधून उतरून धुऱ्यावर आले. ज्या टोळीचा आवाज पलीकडच्या गावात जायचा ती टोळी खाली मान घालून रोवत होती. फक्त चिखलाचा चुबुक चुबुक आवाज. साहेब थोडा वेळ उभे राहिले, मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, "मुकादम, गावात कुणी गेलं का?"

मुकादमांनीही डोक्याचा शेला काढला. "माहीत नाई साहेब. पन ह्या बाया गप्प हायेत म्हनजे कोनी लय मोठाच मानूस असन."

मला कुणी "बस" म्हटलं नव्हतं. जबडा सुटला, मान सुटली, गुडघे सुटले. शेजारच्या बाईंनी सावरलं म्हणून तोंड वर राहिलं. आभाळ दिसत होतं, आणि त्यात साहेब, एका पायावर उभं राहून बुटाची नाडी सोडताना. नाडी ओली होती. सुटत नव्हती.

"राहू द्या साहेब, त्याले बूट लागत नाई," बाई म्हणाल्या. "त्याले समदं ऐकू येते."

साहेबांचा त्यावर विश्वास बसला नाही. बूट एकदाचा हातात आला, तसे ते मुकादमांकडे वाकून दबक्या आवाजात काहीतरी बोलले, मुकादम काहीतरी बोलले. मग माझी बोटं हलली, मी उठून बसलो.

"सांग बाबू," बाई म्हणाल्या. "साहेब काय बोलले ते सांग."

मी बाईंकडे बघितलं, मग साहेबांकडे. खोटं सांगावं तर बेशुद्ध ठरत होतो, खरं सांगावं तर उद्धट. मी डोळे मिटून सांगून टाकलं. "साहेब म्हणाले, याला घरी पाठवला तर ही बाई मला जीपपर्यंत जाऊ देईल का? मुकादम म्हणाले, मले नका विचारू साहेब, मले तिच्या शेजारी राहाचं हाये."

साहेबांनी बूट परत घातला, नाडी न बांधता. बाईंनी कनवटीचा डॉक्टरांचा कागद काढून दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला. "मिरगीच्या माणसाला मधलं काही आठवत नाही," ते मुकादमांना म्हणाले. "याला तुमचंही आठवतंय, माझंही आठवतंय. विहिरीवर आणि तलावाकडे पाठवू नका. बाकी राहू दे."

बाकी राहू दे. मी ते वाक्य त्या आठवड्याच्या पत्रात जसंच्या तसं लिहिलं.

साहेबांना आता हलकं वाटलं असावं. ते म्हणाले, "यावरून मला एक किस्सा आठवला," आणि बाईंनी लगेच हात वर केला. "थांबा साहेब. बस रे बाबू."

मी बसलो. साहेब मी नीट बसेपर्यंत थांबले आणि त्यांनी किस्सा सांगितला. त्यात एक कलेक्टर होते आणि एक कोंबडा होता. मला काडीचं हसू आलं नाही. पण माणसानं मला ठेवून घेतलं होतं. मी जबडा सैल सोडला, मान टाकली आणि चिखलात आडवा झालो. साहेब खूश होऊन जीपकडे गेले.

बाई माझ्यावर वाकल्या. "ऊठ," त्या कानाशी म्हणाल्या. "तुह्या पायाचा अंगठा हालून राह्यला."