माशीचे डोळे आणि माझा अंगठा

माझे हात ठणठणीत आहेत, हे स्वतःला पटवून द्यायला मी दीड वर्ष दर रविवारी कॅमेऱ्यात माश्यांचे डोळे टिपत होते. वेडेपणा वाटेल, पण घाबरलेल्या माणसाला कुठे अक्कल असते?

सुरुवात झाली ऑफिसातल्या चहाने. दुपारचा कप उचलला आणि चहा बशीत सांडला. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "उपास आहे का आज?" मी हसून वेळ मारून नेली. पण मला बावन्नावं लागलं होतं, आणि माझ्या वडिलांचं दुखणं बावन्नाव्या वर्षीच सुरू झालं होतं.

वडील रामकुंडावर यात्रेकरूंची श्राद्धं करायचे. कंपवात आधी त्यांच्या उजव्या अंगठ्यात आला. सुरुवातीला कामात असताना हात हलायचा नाही. मांडीवर निवांत ठेवला, की अंगठा तर्जनीवर सरकायला लागायचा, माळेचे मणी ओढावेत तसा. परगावचे यजमान हात जोडायचे. "गुरुजींचा जप बघा, अखंड चालू असतो!" वडील मान हलवून "हो" म्हणायचे. तो जप नव्हे, हे फक्त आम्हाला घरी माहीत होतं. पुढे पळीतलं पाणी ताम्हनात पडायचं सोडून यजमानाच्या धोतरावर पडायला लागलं, आणि एके सकाळी ते घाटावर गेलेच नाहीत. शेवटची दोन वर्षं त्यांना मी भरवत होते. घास घेताना ते डोळे मिटून घ्यायचे. लेकीच्या हातून जेवायची लाज वाटायची त्यांना, दुसरं काय!

मग डॉक्टरकडे जावं की नाही? दुसरी कुणी असती तर मीच तिला खडसावून पाठवलं असतं. पण डॉक्टर काहीतरी सांगतात, हीच तर अडचण. नवऱ्यालाही बोलले नाही. त्यापेक्षा मी माझी परीक्षा शोधून काढली.

किड्यांचे फोटो काढायचा नाद मला आधीपासूनच होता. इंदिरानगरातल्या जॉगिंग ट्रॅकच्या कडेला मेंदीचं कुंपण आहे. सकाळच्या गारव्यात तिथले किडे सुस्त बसलेले असतात. नवरा म्हणायचा, "घरातल्या झुरळांना चपलेने हाणतेस आणि बाहेरच्यांचं फोटोसेशन करतेस!" कॅमेऱ्यावर फ्लॅश, आणि त्याचा उजेड मऊ व्हावा म्हणून पुढे श्रीखंडाच्या पांढऱ्या डब्याचा कापलेला तुकडा. डाव्या हाताच्या दोन बोटांत फांदी धरायची, त्याच हातावर लेन्स टेकवायची, म्हणजे वारा आला तरी किडा आणि कॅमेरा एकत्रच हलतात. फोकस एका जागी पक्का ठेवायचा आणि आपण अंगानेच पुढे-मागे झुकायचं. श्वास सोडायचा, डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबायचं. केसभर चुकलं तरी फोटो वाया.

एवढं नाजूक काम ज्या हातांना जमतं, त्यांना काय होणार? असा माझा हिशेब. घरी येऊन फोटो मोठा करायचा, माशीच्या डोळ्यातली जाळी घर न् घर मोजता आली पाहिजे. आली, की तो आठवडा सुटला. शनिवार उजाडला की पुन्हा छातीत धडधड.

मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरची मुलगी सोबत आली. नुकतीच नोकरीला लागली आहे, हौसेने कॅमेरा घेतलाय. दहा मिनिटांत वैतागली. "काकू, मला नाही जमणार हे. माझे हात थरथरतात."

मी मास्तरणीच्या सुरात म्हटलं, "अगं, थरथरू देत की! फ्लॅशचा उजेड पापणी लवायच्या आत येऊन जातो. तेवढ्यात हात किती हलणार? हात कापत असला तरी फोटो लख्ख येतो. म्हणून तर फ्लॅश लावायचा!"

बोलले आणि माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं.

हा तर पहिला धडा. मी स्वतः कितीतरी जणांना शिकवलेला. मग दीड वर्ष मी पुरावा कसला गोळा करत होते, हातांचा की फ्लॅशचा? भीतीने माणूस किती सोयीस्कर विसरतो बघा.

मी फ्लॅश बंद केला. कुंपणाच्या सावलीत उजेड कमी, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागलं. एका हिरव्या माशीवर कॅमेरा रोखला आणि बटण दाबलं. स्क्रीनवर माशी नव्हतीच, नुसता हिरवा फराटा. पुन्हा काढला. परत फराटा. दहा काढले, दहाही तसेच. डोळ्यांपुढे वडिलांचे मिटलेले डोळे आले.

"तू काढ बरं एक," मी मुलीला म्हटलं. "फ्लॅशशिवाय."

तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि मी मनात म्हटलं, देवा, हिचाही बिघडू दे. कोवळ्या पोरीचं वाईट चिंतत होते मी, पण चिंतलं खरं.

तिचा फोटो माझ्यापेक्षा भयानक आला होता. "शी! हे काय आलंय?" ती म्हणाली आणि मी इतकी हसले की ट्रॅकवरून चालणारे आजोबा वळून बघायला लागले. म्हणजे फ्लॅश नसला की सगळ्यांचाच असा येतो! पंचविशीतल्या पोरीचाही! किती दिवसांनी मला पोटभर श्वास घेता आला.

आम्ही बाकावर बसलो. थर्मासमधला चहा मी दोन कपांत ओतला, थेंबही सांडला नाही. आज घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगायचं आणि दोघांनी मिळून माझ्या मूर्खपणाला हसायचं, असं ठरवलं. चहा संपला. कप खाली ठेवला, हात मांडीवर ठेवले आणि उन्हात निवांत बसून राहिले. शेजारी मुलगी आपले फोटो बघत काहीबाही विचारत होती.

अचानक ती गप्प झाली. मग हळू आवाजात म्हणाली, "सॉरी हं काकू. तुमचा जप चालू आहे ना? मी आपली मध्येच बडबडतेय."

मी आयुष्यात कधी जप केलेला नाही.

खाली पाहिलं. उजवा अंगठा तर्जनीवर सरकत होता, सावकाश, पुन्हा पुन्हा.

"हो," मी म्हटलं.