दगडावरच्या दोन रेघा

मी ज्या सरकारी कार्यालयात नोकरी केली, ते दूर खाणीच्या गावात होतं. खाणीतलं सोनं किती शुद्ध, हे तपासून दाखला देणं एवढंच आमचं काम. पुढे खाणी बंद झाल्या, मग कार्यालयही, आणि मी डोंबिवलीला परत आलो. यंदा जुन्या सहकाऱ्यांनी ठाण्यात, खोपटजवळच्या एका हॉलमध्ये, सहकुटुंब मेळावा ठरवला आणि कार्यालयाचा इतिहास लिहून वाचायचं काम माझ्या गळ्यात मारलं. खरं म्हणजे मीच गळा पुढे केला होता.

इतिहास चौदा पानांचा झाला. त्यातली नऊ माझ्याबद्दल होती.

उरलेल्या पाचांपैकी एक पान कार्यालयाच्या मुख्य नियमाचं होतं. आमच्याकडे नमुना यायचा तो नुसत्या नंबरचा. कुणाचा आहे, ते फक्त कारकुनाच्या वहीत. माणूस कळला की तपासणाऱ्याचा डोळा झुकतो, म्हणून हा नियम. तो मी उभ्या नोकरीत एकदाही मोडला नाही, असं मी ठसठशीत लिहिलं.

त्याखाली गंमत म्हणून सासऱ्यांच्या अंगठीचा किस्सा टाकला. लग्नात त्यांनी मला बावीस कॅरेटची म्हणून अंगठी घातली. आठवड्याच्या आत मी ती ऑफिसातल्या कसोटीच्या दगडावर घासली आणि बायकोला निकाल ऐकवला: वीस. तेव्हापासून अंगठी कपाटात आणि किस्सा माझ्या तोंडात. माझ्या आईनं बायकोला घातलेल्या पाटल्या मी कधीच तपासल्या नाहीत. आईचं सोनं काय तपासायचं?

बायकोला मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अहो, अंगठीचं तेवढं काढा. चारचौघांत माझ्या बाबांचं हसं नको.”

“अगं, सत्य ते सत्य,” मी म्हणालो. इतका शहाणपणा मला एरवी सुचत नाही.

ती उठली. कार्यालय बंद झाल्यावर मी घरी आणलेला कसोटीचा दगड आणि ॲसिडची बाटली कपाटातून घेऊन आली. मला पाठ फिरवून बसायला सांगितलं आणि स्वतः दगडावर दोन रेघा ओढल्या. खाली पट्टी चिकटवून एक, दोन असे नंबर घातले.

“सांगा आता. नियमाप्रमाणे.”

मी चष्मा पुसला आणि दोन्ही रेघांवर ॲसिडचा थेंब टाकला; सोनं जितकं हिणकस, तितकी रेघ उडते. पहिली रेघ जराशी फिकी पडली. दुसरी तर बघता बघता निम्मी उडाली.

“दोन नंबर तुझ्या बाबांची अंगठी,” मी थाटात म्हणालो. “वीस म्हणजे मी दयाच दाखवली होती.”

“अंगठी एक नंबर,” ती म्हणाली. “दोन नंबर ही.” आणि तिनं हातातली पाटली पुढे केली.

इतकी वर्षं तोच हात मला पोळी वाढत होता आणि माझा तज्ज्ञ डोळा पोळीवर होता.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या वर्षापासून. आईंनीच सांगितलं. खऱ्या पाटल्या तुमच्या शिक्षणात गेल्या. मी असेपर्यंत त्याला कळू देऊ नकोस, म्हणाल्या होत्या.”

आईला जाऊन सहा महिने झाले होते. म्हणजे इतकी वर्षं मी अंगठीचा किस्सा सांगायचो, लोक हसायचे, आणि ही याच पाटल्या घालून सगळ्यांना चहा द्यायची. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी दगड धुवायला घेतला.

इतिहास पाच पानांचा झाला. ठाण्यात मी तो वाचला, तेव्हा अंगठी माझ्या बोटात होती. बायको पहिल्या रांगेत बसली होती. हातात पाटल्या होत्या. सर्वांत जोरात टाळ्या तिनंच वाजवल्या.