मयतीचे पैसे

आईचे मामा जिवंत माणसांत फारसे रमले नाहीत. त्यांचा खरा गोतावळा मेलेल्यांचा. कुंभार पिंपळगावात किंवा आसपासच्या खेड्यांत कोणी गेलं आणि मामा पोचले नाहीत, असं घडल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. शेती बटईनं दिलेली, मूलबाळ नाही, मामी ऐन तरुणपणीच गेलेल्या. त्यामुळे मयत हाच मामांचा धंदा म्हटलं तरी चालेल. आठवडी बाजारात लोक भाजी चिवडत हिंडायचे, तर मामा ओळखीच्याला बाजूला घेऊन विचारायचे, "तुमच्याकडं कोन बिमार हाय का?" त्यात हेतू वाईट नसायचा, पुढच्या आठवड्याची आखणी करायची असायची एवढंच. तिरडीला बांबू कसला घ्यावा, गाठ कशी मारावी, पावसाळ्यात कोरड्या गोवऱ्या कुणाकडे मिळतील, यात त्यांचा शब्द अखेरचा. खांदेकरी घाई करू लागले की ते मागून म्हणत, "हळू चला बाबा, त्याला काय गाडी गाठायची न्हाई."

या लौकिकामुळे आजारी माणसं त्यांना फार भीत. शेजारच्या गावातले एक गृहस्थ महिनाभर अंथरुणाला खिळले होते. मामा भेटायला गेले, उशाशी बसले आणि नजरेनंच त्यांची लांबी मोजू लागले. "बांबू जरा लांबच लागतीन," असं स्वतःशी पुटपुटलेही. ते गृहस्थ त्याच संध्याकाळी उठून बसले, पिठलं-भाकरी मागून घेतली आणि पुढं बरीच वर्षं जगले. रस्त्यात ते भेटले की मामा थोड्या नाराजीनंच रामराम करायचे.

बौद्धवाड्यातल्या एका म्हातारीला त्यांनी खांदा दिला, तेव्हा भावकीनं त्यांना पंगतीला बोलावणं बंद केलं. मामा म्हणाले, "मेल्याला जात नस्ती. जात खांद्याला अस्ती, अन् माझा खांदा आता पार झिजलाय." तिथं सगळे त्रिसरण म्हणत तेव्हा मामाही मोठ्यानं म्हणायला जात, शब्द पाठ नसल्यामुळे मधेच 'राम कृष्ण हरी' घुसे. लोक खाली मान घालून हसू दाबत आणि म्हणत राहत. त्यांना कोणी कधी दुरुस्त केलं नाही.

एक सवय मात्र आम्हा नातेवाइकांना खाली पाहायला लावणारी होती. मयतीपुढं लाह्या आणि सुटे पैसे उधळतात. ते गोरगरीब वेचतात. खात्यापित्या घरचा माणूस हात लावत नाही. मामा मात्र वहाणेतला खडा काढायच्या निमित्तानं वाकायचे आणि एखादं नाणं कनवटीला लावायचे. मी एकदा हटकलं, तर शांतपणे म्हणाले, "पडलेलं हाय. कुनाच्या तरी कामी येईल."

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मामा गेले. निम्मं गाव खडी फोडायच्या कामांवर पांगलेलं होतं. मामांना उचलायला चौथा खांदेकरी शोधून आणावा लागला. तेरावं झाल्यावर घर रिकामं करायला मी जालन्याहून रजा काढून आईला घेऊन गेलो. ज्याला घर मिळणार होतं तो मामांचा पुतण्या आधीच येऊन बसला होता. वाटून घ्यावं असं काही नव्हतंच. फक्त मामा ज्याला टेकून बसायचे तो लोड उचलायला गेलो, तर जागचा हलेना. पुतण्यानं विळीनं शिवण उसवली. कापूस बाहेर आला आणि त्यामागोमाग नाणी घरंगळली. चारमिनारच्या छापाचे निजामाच्या वेळचे हाली पैसे, भोकाचे पैसे, इंग्रज राजाच्या मुंडक्याचे आणे, अलीकडचे नवे पैसे.

"तांब्याला चांगला भाव हाय सध्या," पुतण्या ओंजळ भरत म्हणाला.

शेजारची बाई दारातून पाहत होती. मामांना वाकताना तिनं कैकदा पाहिलं होतं. ती म्हणाली, "हात नका लावू बापा. मयतीचे हायेत ते."

पुतण्यानं ओंजळ सोडून दिली. पाण्याचा एवढा तोटा असताना त्यानं दोनदा हात धुतले. "हिरीत टाकून द्या. मला घरात नकोत."

"मला दे," आई म्हणाली.

तिनं सगळी नाणी जुन्या धोतरात बांधली. वाटेत एस.टी.मध्ये ते गाठोडं मांडीवर घेऊन तिनं जे सांगितलं, ते मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. रझाकारांच्या वर्षी मामा गाव सोडून बैलगाडीनं वऱ्हाडाकडं निघाले, तेव्हा आई त्या गाडीत होती आणि मी तिच्या मांडीवर. मामींना आधीपासूनच ताप होता. वाटूरच्या अलीकडं त्या गेल्या. बाकीच्या गाड्या थांबल्या नाहीत. जाळ लांबून दिसेल म्हणून मामांना अग्नी देता आला नाही. कुऱ्हाडीनं माती उकरून त्यांनी एकट्यानं खड्डा केला. मग उधळायला म्हणून कनवट चाचपली, तर तिथं काहीच नव्हतं.

"नुसतीच गेली, एवढंच म्हनले," आई म्हणाली. "मंग हे गोळा करत गेले, तिच्या वाटचे म्हनून. मी म्हनायची, मामा, टाका की आता उधळून. तर म्हनायचे, मानसं जमू दे."

आम्ही वाटूरला उतरून मागं चालत आलो. मामींना पुरलं होतं ते बाभळीचं बन आई शोधत होती. बन कधीच तुटलं होतं. तिथं आता रस्त्याचं काम होतं, खडीचे ढीग होते आणि डोक्यावर फडकी घेऊन बाया हातोड्या चालवत होत्या. आई बराच वेळ इकडंतिकडं पाहत राहिली. जागा काही सापडेना. शेवटी तिनं रस्त्याच्या कडेला गाठोडं सोडलं आणि मूठ भरून पहिले पैसे उधळले.

हातोड्या थांबल्या. पैसे बायांच्या पायापाशी येऊन पडले, पण कोणी उचलले नाहीत. बिनमयतीचे पैसे कसे उचलायचे, हे त्यांना समजत नसावं. त्यांतली एक थोराड बाई पुढं आली.

"कोन गेलं वं माय?"

"माझी मामी."

"कवा?"

"लई वर्सं झाली. हितंच कुठंतरी हाय ती."

बाईनं उन्हात रखरखलेल्या मातीकडं पाहिलं. "नाव काय व्हतं त्यांचं?"

आईनं सांगायला तोंड उघडलं. तिला नाव आठवेना. तिनं माझ्याकडं पाहिलं, जणू मला ठाऊक असेल. मामा त्यांना नावानं हाक मारत नसत, आणि आता विचारावं असं मागं कोणीच उरलेलं नव्हतं.

"मामीच म्हनायचो आम्ही," ती शेवटी म्हणाली.

"असू द्या," बाई म्हणाली. तिनं हातोडी खाली ठेवली आणि पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला. मग मागच्या बायाही एकेक करून उठल्या, आणि आईच्या गाठोड्यातली नाणी संपेपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या.