एरंडेलाचं इंजिन ऑइल

कृष्णपुऱ्याजवळच्या एका मेकॅनिककडे मी वर्षानुवर्षं स्कूटर नेतो. बोलताना तो समोरच्याकडे बघत नाही, बोटांवर तेल चोळत राहतो. हल्ली त्याच्याकडे एक नवं ऑइल आलंय, एरंडेलापासून केलेलं, आत म्हणे नॅनो कण घातलेले. बाटलीवर कंपनीचं नाव नाही.

"भिया, सूंघून तर बघा, एकदम नॅचरल! हे बारीक कण इंजिन घिसूच देत नाहीत."

कण कशाचे, असं विचारलं की तो हसून रेडिओ मोठा करतो. तरी मागच्या सर्व्हिसिंगला मी ते घालू दिलं.

परवा मी तिथे असताना एक अँब्युलन्स आली. ड्रायव्हरनं तेच ऑइल मागितलं. मेकॅनिकनं मात्र फळीवरून नेहमीच्या, कंपनीच्या ऑइलचा डबा काढला.

"क्यों? सबको तो वही डालते हो," ड्रायव्हर म्हणाला.

"अंदर मरीज रहता है. रास्ते में बंद पड़ गई तो?"

त्याच स्कूटरवरून मी रोज मुलीला शाळेत सोडतो.

"आणि माझ्या गाडीचं काय?" मी विचारलं.

पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

"चालतेय ना अजून, भिया? तेच तर बघतोय मी."