चार बोटं आखूड

"मापं कोणी घेतली होती?"

प्राचार्यांनी हे विचारलं तेव्हा मी शिडीच्या पायथ्याशी उभा होतो. उत्तर मला ठाऊक होतं. अकरा वर्षं झाली, ते मी कोणालाच दिलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. निवृत्तीच्या निरोप समारंभात मी हा प्रसंग विनोद म्हणून सांगितला, लोक हसले, आणि मुख्य भाग मी गाळला. आज तो लिहून ठेवतो.

मी नाशिकमधल्या एका प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम आणि घरबांधणी शिकवत होतो. एकोणतीस वर्षं. आमच्या सहा महिन्यांच्या कोर्सचं शेवटचं प्रॅक्टिकल म्हणजे एक खरी खोली बांधायची. त्या वर्षी संस्थेच्या आवारात अवजारांसाठी खोली हवी होती. भिंती गवंडीकामाच्या बॅचने उभ्या केल्या. कौलारू छप्पर आमच्या वाट्याला आलं.

छपराला वासे लागतात. मधोमध उंचावर आडवं लाकूड असतं, ते आढं. आढ्यापासून दोन्ही भिंतींकडे उतरत येणारी लाकडं म्हणजे वासे. वासा भिंतीवर नीट बसावा म्हणून त्याला खालून एक खाच पाडतात. आढ्यापासून त्या खाचेपर्यंतचं अंतर बरोबर आलं की छप्पर बसलं. आमचं अंतर होतं दोनशे सत्तर सेंटिमीटर.

प्रत्येक वासा वेगळा मोजत नाहीत. पहिला एक नीट मोजून कापायचा. तो फर्मा. बाकीचे त्याच्यावर ठेवून आखायचे. म्हणजे फर्मा चुकला तर सगळेच चुकले. म्हणून मी प्रत्येक बॅचला सांगायचो, पहिली जोडी चढवून बघा, मग बाकीच्यांना करवत लावा.

आणखी एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी शिकवायचो. टेपच्या टोकाला पत्र्याचा आकडा असतो. वापरून वापरून तो ढिला होतो, माप दोन-तीन मिलिमीटरने खोटं येतं. म्हणून जुने सुतार टेपचं टोक धरतच नाहीत. दहा सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजतात. एकाने दहाची खूण लाकडाच्या कडेला धरायची आणि मोठ्याने सांगायचं, "दहावर!" दुसऱ्याने पलीकडे खूण करताना दहा मिळवायचे. दोनशे सत्तर हवं असेल तर खूण दोनशे ऐंशीवर.

त्या बॅचमध्ये यमुना होती. पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची, तिशीची. तिच्या घरचे दरवर्षी द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावला कामाला उतरायचे, तीही लग्नाआधीपासून जायची. कुडाची घरं बांधणाऱ्या बापाच्या हाताखाली ती लाकूड शिकलेली होती. लाकूड कोरायची पटाशी हातात घेतली की तिला ठोकावं लागायचं नाही, नुसती ढकलायची. पहिल्या आठवड्यात मी तिचा सांधा उजेडात धरून बघितला, तर त्यातून उजेडच आला नाही. मी बॅचला दाखवला. ती खाली बघत होती.

वर्कशॉप असिस्टंटची एक जागा निघणार होती. मी प्राचार्यांकडे तिचं नाव दिलं होतं. ते म्हणाले होते, "छप्पर चढू द्या. मग बघू." तिला हे मीच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग हंगामाला उतरायला नाय लागणार, सर."

फर्मा आखायच्या दिवशी प्राचार्यांचा निरोप आला. पुण्याहून साहेब मंडळी येणार, छप्पर चढवताना त्यांना दाखवायचं, आणि दिवस होते तीन. मी घाई केली. सागाचा वासा टेबलावर घेतला. यमुनाने वरच्या टोकाला टेप धरली.

"दहावर, सर," ती म्हणाली.

"हं," मी म्हणालो, आणि दोनशे सत्तरवर रेघ मारली.

दहा मिळवले नाहीत. ज्या माणसाने ते शंभरदा फळ्यावर लिहिलं, तो विसरला. मग मी पेन्सिल कानावर ठेवली आणि तिला म्हणालो, "काप." तिने कापलं. माझ्या रेघेवर, केसभर इकडेतिकडे न होता. पहिली जोडी चढवून बघायचीही मी राहू दिली. दोन दिवसांत चोवीस वासे तयार झाले. सगळे एकसारखे, सगळे दहा सेंटिमीटर आखूड.

तिसऱ्या दिवशी साहेब मंडळी खुर्च्यांवर बसली. नारळ फुटला. पहिला वासा भिंतीवर बसला, वरचं टोक आढ्याकडे सरकलं आणि अलीकडेच थांबलं. मध्ये चार बोटं मोकळी. पोरांना वाटलं वासा तिरका झालाय. दुसरीकडचा चढवला. तोही तसाच.

बॅचमधला सायखेड्याचा दत्ता आढ्यावर बसला होता. तो वरून ओरडला, "सर, सोयरीक जमत नाय! नवरा-नवरी दोघंबी लाजत्यात!"

सगळे हसले. साहेबही हसले. प्राचार्य हसले नाहीत. तेव्हाच त्यांनी विचारलं, "मापं कोणी घेतली होती?"

मी म्हणालो, "फर्मा यमुनाने कापला होता."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते बोलणं मला इतकं सोपं गेलं.

यमुना माझ्याकडे बघत होती. टेप तिने धरली होती, दहावर असं सांगितलंही होतं. रेघ मी मारली तेही तिने पाहिलं होतं. मला वाटलं, आता बोलेल. ती शिडीवर चढली, मोकळ्या जागेत आडवा हात घालून बघितला आणि उतरून माझ्यापाशी आली.

"सर, वासे टाकून नका देऊ. चार बोटं खाली नवी खाच पाडू. जुनीत ठोकळा बसवू, दोन्ही अंगांनी पट्ट्या मारू. वजन घेईल."

"वळचण तोकडी होईल," मी म्हणालो. वळचण म्हणजे भिंतीच्या बाहेर येणारी छपराची कड. वासे वर सरकले की बाहेरचा भाग तेवढाच कमी.

"व्हईल. पर साग वाया नाय जाणार."

दत्ता खाली उतरला होता. तो पुटपुटला, "यमुनाताई, तू अन् चुकलीस? सूर्य पश्चिमेला उगवला."

"पट्ट्या काढ," ती म्हणाली. "तोंड नको चालवू."

दुरुस्तीला आठ दिवस लागले. तिने जुन्या खाचांमध्ये ठोकळे असे बसवले की रंध्याचा हात फिरल्यावर जोड शोधावा लागायचा. मी तिच्या शेजारी उभा राहून पट्ट्या धरल्या. त्या आठ दिवसांत आम्ही दोघंच असायचो असं कितीदा तरी झालं. ती कधी विषय काढायची नाही. मीही काढला नाही. एकदा फक्त तिने चहाचा ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "सर, तुम्ही जेवत नाय नीट."

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मापात चुकणारीला आपण शिकवायला ठेवायचं का, तुम्हीच सांगा."

सांगायला ती चांगली वेळ होती. दार बंद होतं, ऐकणारा एकच माणूस. निवृत्तीला दोन वर्षं होती आणि मला लोकांनी 'मापाचा पक्का' म्हटलेलं आवडायचं. मी म्हणालो, "हात चांगला आहे तिचा." ते म्हणाले, "हात नाही विचारला मी." मी दार उघडून बाहेर आलो. असिस्टंटची जागा दुसऱ्याला गेली. तिच्या शेऱ्याच्या कागदावर मी लिहिलं, 'कारागिरी उत्तम. मापाकडे लक्ष द्यावे.' खाली माझी सही आहे. तो शेरा खोटा आहे. माप माझं चुकलं होतं. रेकॉर्डमध्ये दुरुस्ती करायची असेल तर ती ही.

जाताना ती पाया पडली. मी नेहमीचा आशीर्वाद दिला. त्या वर्षी ती द्राक्षं भरायला पिंपळगावच्या पॅकहाऊसला गेली. पुढची काही वर्षंही जातच राहिली.

अवजारांच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीवर दर पावसाळ्यात ओल धरायची. वळचण पुरी पडत नव्हती. निवृत्त होईपर्यंत मी ती ओल रोज पाहिली. नवीन बॅचची पोरं विचारायची, मी म्हणायचो, वारा तिकडून येतो.

गेल्या हिवाळ्यात दत्ता बाजारात भेटला. तो आता सायखेड्याला स्वतः कामं घेतो. म्हणाला, "यमुनाताई घरं बांधते, सर. पाड्यापाड्यातून बोलावणं असतं. बायांची टोळी हाय तिची." दोन दिवसांनी मी पेठची गाडी धरली.

ती एका अर्ध्या घरावर होती. केस पांढरे व्हायला लागलेले. मला बघून वरूनच ओरडली, "अगं बायांनो, माझे सर आले!" खाली उतरली, हात पदराला पुसले. सोबतच्या दोघींना म्हणाली, "सगळं ह्यांनी शिकवलं मला."

मग काम दाखवलं. एकीने टेप धरली आणि ओरडली, "दहावर!" दुसरीने खूण करण्याआधी लाकडावर पेन्सिलीने मोठं '+१०' लिहिलं. ते लिहिल्यावरच तिने टेप पाहिली.

"हे मी शिकवलं नव्हतं," मी म्हणालो.

"ते मी घातलं मागून," यमुना म्हणाली. "माणूस घाईत असतो ना, सर. कोणीबी असो."

तिने नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं वाढलं. मी ठरवून आलो होतो. गाडीत वाक्य चारदा जुळवलं होतं. जेवताना दोघी बाया होत्या, म्हणून थांबलो. नंतर ती मला एकटीच रस्त्यापर्यंत सोडायला आली. आता कारण उरलं नव्हतं.

तीच म्हणाली, "ती खोली हाय का अजून?"

"आहे."

"भिंतीला ओल येत असंल. पश्चिमेच्या."

"येते थोडी."

"पत्र्याची पट्टी मारायला सांगा वळचणीला. चार बोटं पुढं काढली तरी पुरे. मलाच यायचं व्हतं, पर राहून गेलं."

"सांगतो," मी म्हणालो.

काळीपिवळी आली. तिने माझी पिशवी आत ठेवली, ड्रायव्हरला बजावलं, "सरांना पुढं बसव." मी बसलो, काच खाली केली. ती वाट बघत उभी होती, मी काही बोलणार असं तिला वाटलं असावं.

मी म्हणालो, "भाकरी चांगली होती, यमुना."