दत्ताचा पाळणा आणि उसना दम

खरं सांगतो, गेलं वर्षभर मी देवाशी बोलत नव्हतो. मागच्या हिवाळ्यात आम्हा दोघांना एकाच आठवड्यात न्युमोनिया झाला. बायको गेली. मी राहिलो, तोही अर्ध्या दमावर. दत्ताचा एक गुरुवार तिने कधी चुकवला नाही, आणि नेलं तिलाच. मी दत्ताचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. सूनबाईने पाहिलं आणि तो तसाच राहू दिला. मी सातवी शिकलेला माणूस, मला असंच भांडता येतं.

पलटणीच्या बँडमध्ये मी बॅगपाइप वाजवायचो. आम्ही त्याला मशक म्हणतो. चामड्याची पिशवी काखेत धरायची, तोंडाने फुंकून भरायची, कोपराने दाबायची आणि नळीवर बोटं चालवायची. पेन्शनीत आल्यावर मुलाकडे नोएडाला आलो, तर सेक्टरातच ड्रमवाले नेगी सुभेदार भेटले, गढवालचे. आणखी दोन फौजी मिळाले. दिवाळी असो, गुरुपरब असो, कुणाकडचं बारसं असो, आम्ही चौघं म्हातारे जाऊन वाजवायचो. दत्तजयंतीला मराठी मंडळात सूर्य मावळताना बायको जन्माचा पाळणा म्हणायची आणि मी मशकीवर साथ करायचो. पाळणा तिच्या आईचा. दुसऱ्या कुणाला येत नाही.

तो मी कसा शिकलो हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. क्वार्टरमध्ये राहत होतो, माझा ओठ फुटला होता, फुंकता येईना. ती म्हणाली, "तुम्ही बोटं चालवा, फुंकायचं मी बघते. रोज चूल फुंकते, हिला काय भ्यायचं." एक ओळ म्हणायची, मग फुंकायची, मी सूर शोधायचो. मध्येच तिला हसू फुटायचं आणि मशक रडत बसायची.

यंदा नेगींनी येऊन कपाटातून मशक काढली. चामडं वाळून कडक झालं होतं. त्यांनीच आत मध-तेल फिरवून ते मऊ केलं आणि म्हणाले, "भाभी का पालना इस बार तू बजाएगा." मी म्हटलं, दम नाही. तर म्हणाले, "दम नहीं है तो दिन भर गाली कैसे देता है?" मी हो म्हटलं, पण मनात ठरवलं, हे देवासाठी नाही, तिच्यासाठी. यंदा वाजला नाही तर तिचा पाळणा माझ्याबरोबरच संपणार होता.

दत्तजयंतीला धुरकट थंडी होती. पार्कात मांडव घातला होता, पण पानिपतहून सकाळीच टेम्पोने यायच्या सतरंज्या आल्या नव्हत्या. मंडळाच्या जोशीबाई फोनवर फोन करत होत्या. लोक ओल्या गवतावर अवघडून बसले होते. त्या टेम्पोवाल्याला मीही चार शिव्या हासडल्या.

सूर्य धुरात लाल झाला. बायकांनी पाळण्याची दोरी धरली. जोशीबाईंनी मान डोलावली, मी फुंकलं. तिसऱ्या फुंकेला खोकल्याने धरलं, मशक केकाटली आणि काखेत लुळी पडली. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. दोरी धरलेले हात थांबले होते. तेव्हा वर्षानंतर पहिल्यांदा मी देवाशी बोललो. म्हटलं, माझ्याने होत नाही, तुझं तू बघ.

मागे धप्पकन आवाज झाला. सतरंज्यांची गुंडाळी टाकून टेम्पोवाला उभा होता. माझ्याच वयाचा, गळ्यात मफलर. लोकांतून वाट काढत सरळ माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "फूंक मन्ने मारण दे. तू बस उंगली चला."

 तिचेच शब्द, फक्त बोली हरयाणवी. मी फुंकायची नळी त्याच्याकडे वळवली.

त्याने छाती भरून फुंकलं. पिशवी टरारून फुगली, खर्जाचे सूर उभे राहिले आणि माझी बोटं आपोआप चालली. ओळीमागून ओळ आली, एक सूर चुकला नाही. नेगींचा ड्रम हळूच मागून आला. पाळणा हलला, फुलं उडाली. शब्द ठाऊक नसलेल्या बायका चाल गुणगुणू लागल्या. तिसऱ्या फेरीला सगळा पार्क गुणगुणत होता आणि वरच्या गॅलऱ्यांतून पंजाबी, बंगाली, सगळे टाळ्या वाजवत होते. नेगींचे डोळे वाहत होते. विचाराल तर म्हणतील, धुराने.

मग कळलं, तो माणूस पूर्वी लग्नाच्या वरातीत मशक वाजवायचा. सुंठवडा तीनदा मागून घेतला आणि म्हणाला, "सवेरे चेकिंग में गाड़ी अटक गई, नहीं तो दोपहर में घर पे सोता." आम्ही दिवसभर ज्या उशिराला शिव्या देत होतो, तो उशीर असा कामी आला. देव टेम्पो अडवतो का, ते मला ठाऊक नाही. मी पाहिलं तेवढं लिहिलं.

घरी येऊन फोटो सरळ केला. दत्ताला म्हटलं, चुकलो. आता जोशीबाईंच्या दोन्ही मुली माझ्याकडून पाळणा शिकताहेत. पानिपतवाला इकडे माल घेऊन आला की फुंकायला हजर असतो.

माझा दम काही वाढलेला नाही. जिना चढताना अजून अडकतो. पूर्वी अशा वेळी मी चिडायचो. आता बोटं कठड्यावर ठेवतो आणि थांबतो. फुंकणारा येतो.